ग्रामपंचायतीच्या दप्तरात राई कशी आली

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पलीकडे घाटाच्या अंगाला असलेल्या काही गावांची आणि वाड्यांची मिळून आमची ग्रामपंचायत आहे. निसर्गरक्षणाचे ठराव या पंचायतीच्या दप्तरात पूर्वीपासून होते. दरवर्षी ५ जूनच्या आसपास एखादा ठराव होई, शाळेच्या आवारात रोपे लागत आणि प्रोसिडिंग बुकात ‘पर्यावरणाचे रक्षण करण्याचे सर्वानुमते ठरले’ अशी ओळ पडे. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर मी सदस्य म्हणून निवडून आले आणि जुनी बुके चाळू लागले, तेव्हा ही ओळ मला अनेक वर्षांच्या पानांवर भेटली. कोणती जमीन राखायची, कोणते पाणी, ते कोणी करायचे आणि पैसा कोणत्या लेखाशीर्षातून यायचा, यातले काहीच त्या ठरावांत नव्हते. पुढची काही वर्षे मी आणि माझ्याबरोबरच्या मंडळींनी पंचायतीला एका राईच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या, बाबतीत शब्दात बांधून घेण्यासाठी खटपट केली. ती कशी झाली, कुठे अडली आणि कशामुळे पुढे सरकली, हे सविस्तर लिहीत आहे, कारण बेळगाव, खानापूर, हल्ल्याळ या पट्ट्यात राई नाही असे गाव सापडणे कठीण आहे आणि त्या जवळपास सगळ्याच राया आक्रसत चालल्या आहेत.

आमची राई माउली देवीची आहे. गावठाणाच्या उत्तरेला, ओढ्याच्या उगमाला धरून ती आहे. मधोमध माउलीचे देऊळ आणि देवळाच्या पायथ्याशी झरा. हा ओढा खाली मलप्रभेला मिळतो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात अडते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेत जाते, त्यामुळे आमच्या राईतल्या पाण्यावर फार दूरच्या कोरडवाहू मुलुखाचाही वाटा आहे. राईत जांभूळ, किंजळ, नाणा, हिरडा, बेहडा, रायवळ आंबा, भिरंड अशी झाडे आहेत आणि गारंबीचे जाडजूड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले आहेत. मी लग्न होऊन या गावी आले तेव्हा भर दुपारीही राईत उजेड मंद असे. पुढे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पैसा उभा करताना काही मोठे वृक्ष विकले गेले. पूर्वेकडून काजूची लागवड आणि दक्षिणेकडून उसाची सरी आत सरकत आली. जिथे जिथे ऊन थेट जमिनीवर पडू लागले, तिथे रानमोडी, म्हणजे बाहेरून आलेले एक माजणारे झुडूप, इतकी दाट माजली की वरून पडलेले बी रुजले तरी त्याला डोके वर काढायला जागा राहिली नाही. पूर्वी बारा महिने वाहणारा झरा आधी एप्रिलमध्ये आणि नंतर फेब्रुवारीतच आटू लागला, आणि खरे सांगायचे तर गाव या विषयाकडे वळले ते झऱ्यामुळेच.

कायदा आमच्या बाजूने होता, पण गावात तो कोणाला ठाऊक नव्हता. २००२ च्या जैवविविधता कायद्याचे ४१ वे कलम प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची जबाबदारी टाकते, आणि २००४ च्या नियमांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे मुख्य काम ठरवले होते. देशभर हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले होते. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली आणि त्यापुढे काम अपुरे ठेवणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा सगळीकडे एकच धावपळ उडाली. त्या धावपळीत आमचीही समिती कागदावर नेमली गेली आणि नोंदवहीही तयार झाली. ती मी कपाटातून काढून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बाहेरच्या कोणीतरी ती भरून दिली होती. गुरांच्या जाती होत्या, भाताची काही वाणे होती, झाडांची एक यादी होती जी कोणत्याही गावाला लागू पडावी. राईचा उल्लेख मात्र नव्हता, झऱ्याचाही नव्हता. समितीत ज्यांची नावे होती त्यांतल्या काहींना आपण सदस्य आहोत हे माझ्याकडूनच कळले.

म्हणून मी ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांकडे पहिली मागणी केली ती नोंदवही नव्याने करण्याची. काही सदस्यांना हा वेळकाढूपणा वाटला. पाऊस तोंडावर आहे, वनखात्याच्या रोपवाटिकेतून रोपे मिळतील, ती लावून मोकळे व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या हद्दीत पूर्वी काय होते आणि आज काय उरले आहे हे ज्या पंचायतीला माहीत नाही, ती परत आणणार तरी काय, असे मी सामान्य सभेत विचारले. पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, या प्रश्नाला पाठिंबा दिला, समितीच्या फेरनेमणुकीचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आणि तो मंजूर झाला.

समितीत एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे, एवढे तेव्हाचे नियम सांगत. ती माणसे कोण असावीत हे गावाने ठरवायचे असते, आणि माझ्या मते सगळे यशापयश इथेच ठरते. आम्ही देवळाचे पुजारी काका घेतले, कारण राईत कोण शिरतो हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. गवळी धनगरांच्या वाड्यावरच्या एक आजी घेतल्या, ज्यांचे आयुष्य म्हशींमागे रान तुडवण्यात गेले. झाडपाल्याची औषधे देणारे एक वैद्य, प्राथमिक शाळेच्या एक शिक्षिका, ओढ्याकाठी शेती असलेला एक तरुण अशी बाकीची मंडळी जमली. पंचायतीच्या राजकारणात ज्यांची नावे नेहमी पुढे असतात त्यांना यात फारसा रस नव्हता, त्यामुळे निवड सुरळीत झाली.

नोंदवहीचे काम पावसाळ्याच्या आधी सुरू करून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालवले, कारण एका ऋतूत सगळे दिसत नाही. शासनाने दिलेल्या नमुन्यात पिके, फळझाडे, चारा, तण, गुरे, भूभाग, पाणवठे, औषधी वनस्पती, रानातली झाडे अशी कोष्टके असतात. ती भरताना शिक्षिका लिहीत आणि बाकीचे बोलत. मासे या कोष्टकाचे पान तर गावातल्या पोरांनीच भरून दिले. पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून शेतांकडे कुठपर्यंत येत, आणि खाली सिमेंटचा बंधारा झाल्यापासून ते कुठे थांबतात, हे त्यांनी ओढ्याच्या काठाने चालत जाऊन दाखवले. भाताच्या पानावर आज घरोघरी इंद्रायणीसारखी बाजारात चालणारी वाणेच लिहावी लागली; जुन्या वाणांची नावे म्हाताऱ्या माणसांना आठवत होती, पण बी कोणाच्याच कणगीत शिल्लक नव्हते.

आजींबरोबर राईत फिरलो तो दिवस मला तपशीलवार आठवतो. त्या झाडाचे नाव सांगण्याआधी सालीवर तळहात ठेवत, मग मान वर करून शेंडा पाहत. एका जागी त्या थबकल्या. तिथे झाड नव्हते, रानमोडी होती. “हितं कुंभा हुता,” त्या म्हणाल्या, “ह्याच्या सालीचा दोर करायचो आमी.” काठीने त्यांनी रानमोडी बाजूला केली तेव्हा बुडाशी कुजलेला बुंधा दिसला, आणि त्याच्या शेजारी वीतभर उंचीची, पिवळट पडलेली हिरड्याची दोन रोपे. बी रुजत होते. ऊन मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. शिक्षिकेने तिथेच उभ्याने वहीत नवे कोष्टक आखले : पूर्वी होते, आता नाही. हे कोष्टक शासनाच्या नमुन्यात या रूपात नव्हते, आम्ही ते जोडले. मोठे सावर, सातवीण, वावडिंगाचे वेल, देवळामागचा रायवळ आंबा जो वर्षाआड लदलदून येई, जांभळे पिकली की येणारे धनेश, असे त्यात भरत गेले. नंतर पंचायतीने जो शब्द दिला तो या एका पानावरून दिला.

वैद्यांनी पहिल्यापासून स्पष्ट सांगितले होते की वनस्पती दाखवीन, औषध कसे करतो ते सांगणार नाही. पारंपरिक ज्ञान उघड करू नये अशी इच्छा जाणकाराने व्यक्त केली तर ती पाळायची असते, हे नोंदवहीच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे, म्हणून आम्ही वनस्पतीचे नाव आणि ठिकाण एवढेच लिहिले. नरक्याच्या बाबतीत मात्र समितीत बरीच चर्चा झाली. कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारे द्रव्य या झाडात असल्याने त्याला बाहेर मागणी आहे आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात त्याची चोरटी तोड होत आली आहे. कायद्याने गावातल्या माणसाला आणि वैद्याला आपल्या वापरासाठी वनस्पती घेण्याची मोकळीक ठेवली आहे, पण व्यापारासाठी नेणाऱ्याकडून समिती शुल्क घेऊ शकते. आमचे एकमत असे झाले की शुल्क घेण्याइतकाही नरक्या आमच्याकडे उरलेला नाही, तेव्हा तो नेऊच द्यायचा नाही आणि नोंदवहीत त्याची नेमकी जागा लिहायची नाही.

यानंतरचे काम कोरडे होते, पण माझ्या समजुतीप्रमाणे तेच निर्णायक ठरले. राई कोणाच्या नावावर आहे? गावातला प्रत्येक जण सांगे, माउलीच्या. उतारा काढला तेव्हा राईचा मोठा भाग सरकारी गायरान म्हणून नोंदलेला निघाला, ओढ्याचा पट्टा ‘ब खराब’ म्हणजे सार्वजनिक वापरासाठी सोडलेला होता, आणि वरचा कोपरा राखीव वनात गेलेला होता. राई हा शब्द कागदावर कुठेही नव्हता. जी गोष्ट उताऱ्यावर नाही तिच्यावर अतिक्रमण झाले असे सिद्ध कसे करायचे? आम्ही मोजणीचा अर्ज दिला. तो एका कार्यालयात बरेच महिने पडून राहिला. सर्व्हेयर नाहीत, पावसात मोजणी होत नाही, नकाशाची प्रत मिळत नाही, अशी उत्तरे मिळत गेली. पीडीओ आणि अध्यक्ष दोघेही पाठपुराव्याला स्वतः आले, हे इथे मुद्दाम लिहिले पाहिजे, कारण एकट्या सदस्याच्या, त्यातून बाईच्या अर्जाला किती किंमत दिली जाते ते मी पाहिले आहे.

मोजणीच्या दिवशी निम्मे गाव हजर होते. हद्दीचा जुना दगड उसाच्या सरीत, बांधापासून बराच आत सापडला. ते शेत ज्या कुटुंबाचे, त्यातले वडीलधारे मामा सगळ्यांसमोर लालबुंद झाले आणि दगड कोणीतरी हलवला असल्याचा आरोप करू लागले. पुजारी काकांनी त्यांना बाजूला नेले, देवळात बसवले आणि माउलीला गाऱ्हाणे घातले. दोघांत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. मामा बाहेर आले आणि म्हणाले, “उभा ऊस जाऊ दे कारखान्याला, मग सोडतो.” त्यांचे म्हणणे लेखी घेतले आणि गाळप हंगाम संपेपर्यंत मुदत दिली. त्यांनी शब्द पाळला. तहसीलदारांची नोटीस, पोलीस बंदोबस्त हे मार्ग कायद्यात आहेत, पण त्या वाटेने गेलो असतो तर आमच्या गावात राईच्या बाजूने बोलणारा एकही माणूस उरला नसता, असे माझे मत आहे.

खरा विरोध वॉर्ड सभेत झाला आणि तो रास्त होता. रान वाढले की गवे वाढणार, गवे वाढले की भात आणि रताळी राहणार नाहीत, असे शेतकऱ्यांनी सरळ विचारले. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. त्याच्या आसपासच्या गावांना कळपाने उतरणाऱ्या गव्यांचा अनुभव आहे, आणि एका रात्रीत तुडवले गेलेले शेत मी स्वतः पाहिले आहे. अशा वेळी निसर्गाचे महत्त्व सांगत बसणे हा त्या शेतकऱ्याचा अपमान ठरतो. आम्ही नकाशा उघडला. राई आणि शेते यांच्यामध्ये झाडोरा न वाढवता गवताचा मोकळा पट्टा ठेवायचा, म्हणजे जनावर लांबूनच दिसेल. पीकनुकसानीचे अर्ज वनखात्याकडे भरून देण्याचे काम पंचायतीच्या कार्यालयाने करायचे, शेतकऱ्याला जांबोटी-खानापूर हेलपाटे घालायला लावायचे नाहीत. आणि झऱ्याचे पाणी टिकले तर उन्हाळ्यात रताळीच्या वेलांसाठी त्यावर पहिला हक्क लगतच्या शेतांचा, असे तीन मुद्दे त्या चर्चेतून निघाले. बायकांचा प्रश्न सरपणाचा होता. सिलिंडर घरात असले तरी ते संपूर्ण महिना पुरत नाही आणि पाणी तापवायला लाकूडच लागते. राईबाहेरच्या काजूच्या छाटणीचे लाकूड आणि रानमोडीच्या वाळलेल्या काटक्या उचलायला मुभा द्यावी, असे ठरले. हे सगळ्यांना पटले असे नाही. काही घरे शेवटपर्यंत नाराज राहिली आणि त्यांनी हात वर केला नाही.

त्याच सुमारास, डिसेंबर २०२२ मध्ये, मॉन्ट्रियल येथे जगातल्या देशांनी २०३० पर्यंत ऱ्हास पावलेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रावर पुनरुज्जीवनाचे परिणामकारक काम सुरू असेल असे उद्दिष्ट मान्य केले, आणि भारत त्यात आहे. ग्रामसभेत मी हे वाचून दाखवले. माझा हेतू एवढाच होता की लोकांना कळावे, देशाने दिलेला हा शब्द शेवटी कोणत्यातरी पंचायतीच्या कोणत्यातरी सर्व्हे नंबरात पाळला जायचा आहे, आणि तसा एक नंबर आपल्याकडे तयार आहे.

ठरावाचा मसुदा आम्ही मराठीत केला, कारण चर्चा मराठीत झाली होती. प्रोसिडिंग बुकात तो कन्नडमध्ये गेला. पीडीओंनी तो लिहिताना प्रत्येक वाक्य शिक्षिकेला दाखवले, आणि ग्रामसभेत दोन्ही भाषांत वाचून झाल्यावरच सह्या-अंगठे घेतले. मराठी प्रत देवळाच्या भिंतीवर लावली. ठरावात सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा आहे. राईत कुऱ्हाड न्यायची नाही, हे पहिले कलम पुजारी काकांच्या आग्रहाने आले. “वैनी, बाकी काय बी लिवा, पर हे पैलं लिवा,” असे ते मला म्हणाले होते. जून ते डिसेंबर चराई बंद. रानमोडी फुलायच्या आत, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे, मुळासकट उपटायची, कारण एकदा तिचे बी वाऱ्यावर गेले की वर्षाची मेहनत वाया जाते. जानेवारीअखेर राईभोवती जाळरेषा काढायची, कारण तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, जाळलेल्या भाजावळीची ठिणगी आमच्याकडच्या बहुतेक वणव्यांना पुरेशी असते. देवळाच्या कोणत्याही बांधकामासाठी यापुढे राईतले झाड विकायचे नाही, हे कलम देवळाच्या पंच कमिटीनेही वेगळ्या कागदावर मान्य करून दिले. प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे पद लिहिले आणि दर सहा महिन्यांच्या वॉर्ड सभेत त्याचा अहवाल वाचायचा, असे शेवटी घातले.

पैशाचा भाग सर्वांत अवघड होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग स्वच्छता आणि पिण्याचे पाणी यांसाठी बांधलेला होता, आणि उरलेल्या भागावर रस्ते, गटारे, पथदीप यांची रांग होती. पाण्याच्या भागात पावसाचे पाणी मुरवण्याची कामे बसतात, म्हणून झऱ्याच्या वरच्या उतारावरचे काम आम्ही तिथे मांडले. बाकीचे उद्योग खात्रीतून, म्हणजे रोजगार हमीतून, करायचे ठरले. रोजगार हमीच्या कामांत जमीन, पाणी आणि झाडे यांना प्राधान्य होते, त्यामुळे विषय बसत होता; पण मंजूर होणाऱ्या कामांच्या यादीत खड्डे काढणे आणि रोपे लावणे होते, रानमोडी उपटणे सहजासहजी बसत नव्हते. अंदाजपत्रक करणाऱ्यांनी राईतल्या मोकळ्या जागांत अकेशिया लावण्याचे सुचवले, कारण ती जगते आणि मोजणीत दिसते.

आम्ही ते नाकारले. उत्तर कर्नाटकाला अशा बाहेरच्या झाडांच्या लागवडीचा जुना अनुभव आहे. १९८० च्या दशकात गावांच्या सामायिक जमिनी लगद्याच्या कारखान्यासाठी निलगिरीखाली जाऊ लागल्या, तेव्हा तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूरला लोकांनी १९८७ साली ‘कित्तिको-हच्चिको’ (उपटा आणि लावा) सत्याग्रह केला. निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी उपयोगाची झाडे लावली. पुढे २०१७ साली राज्य सरकारनेच निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. राईला बाहेरून झाड आणण्याची गरजच नव्हती, हे आजींनी दाखवलेल्या त्या दोन रोपांनी सिद्ध केले होते. गुदमरणारे बी मोकळे करायचे, जिथे आईझाडच उरले नाही तिथे शेजारच्या राईतून कुंभा, सावर, सातवीण यांचे बी आणून टोकायचे, आणि उतारावर समतल चर काढायचे, असा आराखडा आम्ही दिला. रानमोडी काढण्याचा काही भाग शेवटी श्रमदानातूनच करावा लागला. वरच्या जांभ्याच्या सड्यावरही ‘ओसाड’ म्हणून झाडे लावण्याचा विचार कोणीतरी मांडला होता. पावसाळ्यात त्या सड्यावर रानफुलांचा गालिचा असतो आणि गुरे तिथलेच गवत खातात, म्हणून सडा जसा आहे तसाच ठेवायचा असे नोंदवहीतच लिहून टाकले. उघडी जमीन दिसली की तिथे झाड लावायचे, ही सवय मोडायला अजून वेळ लागेल.

माझे माहेर सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात आहे. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान चालते. पंचमहाभूतांवर आधारलेल्या कामांना गुण देऊन स्थानिक संस्थांची क्रमवारी लावतात आणि बक्षिसे देतात. तिकडच्या पंचायतीत गेले असताना भिंतीवर रंगवलेल्या शपथा पाहिल्या आणि तिथल्या भावकीशी यावर बोलणेही झाले. स्पर्धेमुळे निसर्गाचा विषय दरवर्षी सभेत येतो, ही मोठी गोष्ट आहे आणि आमच्याकडे तशी योजना असती तर मला आवडले असते. मात्र गुण मिळतात ते लावलेल्या रोपांना आणि घेतलेल्या कार्यक्रमांना. एखादे रान दहा वर्षे अंग राखून सोडले तर त्याला गुण कोण आणि कसे देणार, याचे उत्तर तिकडेही मला मिळाले नाही. घाट एकच आहे, ओढे इकडून तिकडे जातात; दोन्ही बाजूंच्या समित्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसावे, असे मी दोन्हीकडे सुचवून ठेवले आहे.

काम किती झाले हे पाहायला आम्ही झऱ्याचेच माप धरले. दर पंधरवड्याला त्याच घागरीने, त्याच दगडाखाली पाणी धरायचे आणि घागर भरायला लागलेला वेळ मोबाइलच्या घड्याळावर पाहून वहीत लिहायचा. वाडीतल्या मुली हे करतात. त्या वहीवरून दिसते की झरा अजून बारमाही झालेला नाही, पण फेब्रुवारीत आटणारे पाणी गेल्या उन्हाळ्यात मार्चच्या अखेरीपर्यंत टिकले. एखाद्या वर्षीच्या चांगल्या पावसाचाही तो परिणाम असू शकतो, म्हणून आणखी काही वर्षांच्या नोंदी झाल्याशिवाय यावर छाती फुगवणे योग्य नाही. राईच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या केलेल्या तुकड्यात हिरडा, जांभूळ आणि किंजळ यांची रोपे माणसाच्या कमरेपर्यंत आली आहेत. पूर्वेकडे रानमोडी दोनदा उपटूनही परत आली, आणि तिथे लोकांचा उत्साह कमी झाल्याचे दिसते.

आमच्या सभागृहाची मुदत संपत आली आहे. नवे सदस्य कोण येतील आणि त्यांना यात किती रस असेल हे सांगता येत नाही, म्हणून नोंदवहीच्या तीन प्रती करून एक पंचायतीत, एक शाळेत आणि एक देवळात ठेवली आहे. मोजणीचा नकाशा ठरावाला जोडला आहे आणि सहामाही अहवाल वाचण्याचे काम सदस्याकडून काढून समितीकडे दिले आहे, म्हणजे निवडणुकीने ते थांबणार नाही. राखीव वनात गेलेल्या वरच्या कोपऱ्यात पंचायतीला काहीच करता येत नाही. तिथली रानमोडी ग्राम वन समितीमार्फत काढण्याची परवानगी मागणारा अर्ज दिलेला आहे, आणि त्याची पोहोच त्याच फाइलला लावली आहे.